या गावातून इतके गेले

संगमरवराची छोटीशी पाटी. चावडीच्या भिंतीत, वेशीच्या कमानीत, शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर देवळाच्या ओवरीत बसवलेली. अक्षरे इंग्रजी. चुन्याचे आणि ऑइलपेंटचे किती थर चढले यावर ती वाचता येतात की नाही हे ठरते. मजकूर सगळीकडे जवळपास एकच: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९च्या महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. पंजाबात हाच मजकूर, गढवालात हाच, दख्खनमध्येही हाच. युद्ध संपल्यावर, ज्या गावांनी जास्त माणसे दिली तिथे सरकारने या पाट्या बसवल्या. सरकारी छापील फॉर्म भरावा तशी ही स्मारके भरली गेली. मजकूर तयार होता, फक्त दोन आकडे गावागणिक वेगळे.

साताऱ्याहून कराडकडे निघाले की नागठाण्याच्या परिसरात अपशिंगे हे गाव आहे. त्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लावल्याशिवाय साताऱ्यात कोणी त्याचा उल्लेख करत नाही. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले असे गाव सांगते, आणि त्यांच्यासाठी इंग्रज सरकारने उभारलेले स्मारक गावात आहे. पिढ्यान्‌पिढ्या घरटी एकजण तरी फौजेत, ही इथली रीत. पहाटे रस्त्याने धावणारी पोरे दिसली तर ती भरतीच्या तयारीची, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. तो ४६ आकडा बातम्यांत येतो, भाषणांत येतो, गावाची ओळख करून देताना पहिल्या वाक्यात येतो. त्या ४६ जणांची नावे त्याच्यासोबत येत नाहीत.

महाराष्ट्रातल्या अशा किती पाट्यांसमोर आपण १५ ऑगस्टला झेंडा फडकवतो आणि पेढे वाटतो! आकड्यामागचे लोक कोण होते, कुठे मेले, त्यांची नावे दगडावर का आली नाहीत आणि आता ती आणता येतील का, हे प्रश्न शंभर वर्षे तसेच राहिले आहेत. यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे, आणि म्हणून हा लेख.

टायग्रिसच्या काठी पुणे डिव्हिजन

पहिले महायुद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फ्रान्समधले चिखलाचे खंदक येतात. तिथेही हिंदी सैनिक लढले. मार्च १९१५च्या लढाईमुळे प्रसिद्ध झालेल्या न्यूव्ह शापेल इथे, ज्यांची कबर किंवा चिता कुठे हे माहीत नाही अशा ४,७००हून अधिक हिंदी सैनिकांचे स्मारक आहे. पण मराठी पलटणींचे महायुद्ध मुख्यतः झाले ते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये.

१९१४ साली हिंदी फौजेत मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या. १०३, १०५ आणि ११० या लाइट इन्फंट्री, आणि ११४, ११६, ११७. घाटावरचे सातारा, पुणे, कोल्हापूर आणि कोकणातले रत्नागिरी, कुलाबा हे त्यांचे भरतीचे मुलूख. यांपैकी १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी ज्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होत्या तिचे नावच पुणे डिव्हिजन. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसरा हाती आले. पुढच्या उन्हाळ्यात फौज नदीच्या कडेने अमारापर्यंत गेली, आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या दाराशी, टेसिफोनला जाऊन थडकली. तिथे जबर हानी झाली आणि माघार सुरू झाली. जनरल टाउनशेंड आपली दमलेली डिव्हिजन घेऊन कुत अल अमारा या नदीच्या वळणावरच्या गावात शिरला. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी वेढा घातला.

हा वेढा जवळपास पाच महिने चालला. वेढा फोडायला खालून निघालेल्या फौजेचीच तेवीस हजारांच्या आसपास हानी झाली, आणि तरी ती पोहोचली नाही. आत दाणागोटा संपत गेला. घोडे आणि खेचरे मारून खायची वेळ आली, तेव्हा हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी घोड्याचे मांस नाकारले. धर्मगुरूंनी परवानगी दिल्याचे निरोप बिनतारी यंत्रावरून आत पाठवले गेले, तरी कित्येकांनी ते शेवटच्या आठवड्यांपर्यंत तोंडात घातले नाही. घरी परतल्यावर जातपंचायत काय म्हणेल ही धास्ती पोटातल्या भुकेपेक्षा मोठी होती. भाजीपाला नाही, मांस नाही. हिरड्या सुजून रक्त येणारा स्कर्व्ही पलटणींत पसरला. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० जण कैद झाले. जनरलला इस्तंबूलजवळच्या बेटावर मानाने ठेवले गेले. शिपायांना वाळवंटातून पायी हाकत उत्तरेला नेले, आणि वाटेत तग धरलेल्यांना रस-अल-ऐन भागात रेल्वेच्या कामाला जुंपले. वाटेवर आणि त्या छावण्यांत हजारो मेले.

गोळीने मेलेल्यांपेक्षा या आघाडीवर उन्हाने, पटकीने, हगवणीने मेलेल्यांची गोष्ट अधिक लाजिरवाणी होती. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांत घालून नदीपर्यंत आणायचे आणि उघड्या पडावांवर रचायचे, असा प्रकार होता. त्याची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल १९१७ साली प्रसिद्ध झाला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. लंडनच्या पार्लमेंटात या मरणांवर वादळ उठले. ज्या गावांतली माणसे मेली होती तिथे मात्र बातमी पोहोचण्याची घाई कोणाला नव्हती.

या शिपायाचा पगार युद्धाच्या सुरुवातीला महिना ११ रुपये होता. त्याच्याबरोबर गेलेले खेचरवाले, भिश्ती, डोलीवाले, स्वयंपाकी, मजूर यांना त्याहूनही कमी. हिंदुस्थानातून लढणारे आणि बिनलढाऊ मिळून १० लाखांहून अधिक लोक परदेशी आघाड्यांवर गेले. त्यांतले सुमारे ७४,००० परतले नाहीत.

उरलेले परतले ते १९१८च्या इन्फ्लुएंझात. ही साथ मुंबई बंदरातून आत शिरली आणि हिंदुस्थानात तिने एक कोटीहून कितीतरी जास्त माणसे नेली. त्याच वर्षी पाऊस गेला. ज्या घरातला एक मुलगा बसऱ्याला गेला होता, त्या घरातली तीन माणसे गावातच आठवड्याभरात गेली, असे तेव्हा होत होते. लढाईवर मेलेल्याचे दुःख वेगळे काढून करायला गावाला उसंतच मिळाली नाही. सरकारची पाटी आली ती या सगळ्यानंतर.

बसऱ्याची भिंत आणि खडकीची भिंत

मृत सैनिकांची नोंद ठेवायला ब्रिटिश साम्राज्याने २१ मे १९१७ रोजी एक आयोग स्थापन केला. आज तो कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नावाने काम करतो. त्याचे तत्त्व त्या काळाच्या मानाने मोठे होते. प्रत्येक मृताचे नाव दगडावर येईल; हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद होणार नाही. लॉर्डाचा मुलगा आणि हमालाचा मुलगा यांच्या कबरीवरचा दगड एकाच मापाचा.

मग बसऱ्याचे स्मारक उभे राहिले. १९१४च्या शरदापासून ऑगस्ट १९२१ अखेरपर्यंत मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४०,०००हून अधिक लोकांचे हे स्मारक २७ मार्च १९२९ रोजी खुले झाले. त्यावर ब्रिटिशांची नावे आली. हिंदी अधिकाऱ्यांची नावे आली. हिंदी शिपायांचे काय? पलटणीचे नाव, अधिकाऱ्यांची नावे आणि त्याखाली ‘आणखी इतके हिंदी सैनिक’. साताऱ्याच्या चावडीवर जो हिशेब होता तोच बसऱ्याच्या भिंतीवर. नावे नव्हती म्हणून असे झाले नाही. पलटणीच्या कागदांत प्रत्येकाचे नाव, नंबर, बापाचे नाव, गाव लिहिलेले होते. ती दगडावर आणायची गरज वाटली नाही, इतकेच.

याच्या शेजारी पुण्याचे उदाहरण ठेवावे. खडकीच्या युद्ध दफनभूमीत १९१४–१९१८चे एक स्मारक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात मेलेले आणि आता देखभाल करता येत नाही अशा छावण्यांच्या कबरस्तानांत पुरलेले १,८००हून अधिक सैनिक तिथे स्मरले जातात. त्यात ब्रिटनमधून आलेल्या, इथे तापाने मेलेल्या साध्या शिपायांची नावे आहेत. तो माणूस पुण्यात मेला तर त्याचे नाव पुण्यात कोरलेले आहे. पुण्याहून गेलेला माणूस बसऱ्यात मेला तर तो बसऱ्यातही आकडा आणि गावातही आकडा.

आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीने एप्रिल २०२१ मध्ये हे कबूल केले. तिच्या अहवालानुसार ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले. त्यांत हिंदी, पूर्व आणि पश्चिम आफ्रिकन, इजिप्शियन आणि सोमाली लोक प्रामुख्याने होते. शिवाय किमान १,१६,०००, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचे स्मरण नावाने झालेच नाही किंवा मुळीच झाले नाही. आयोगाने माफी मागितली. बसऱ्याचे स्मारक १९९७ साली सद्दाम हुसेनच्या आदेशाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटर आत नेले गेले. तिथे जाऊन भिंतीवर हात फिरवणे सातारा-रत्नागिरीच्या पणतवंडांना आजही जमण्यासारखे नाही.

एक गोष्ट मात्र नावानिशी आली. मृताच्या वारसाला सरकारने पाच इंचांच्या आसपास व्यासाचे एक ब्राँझचे तबक दिले. त्यावर ब्रिटानिया, सिंह आणि मृताचे नाव; हुद्दा मुद्दाम गाळलेला. लढाईत मेलेल्या कर्नलचे तबक आणि शिपायाचे तबक सारखेच. साम्राज्यभर मिळून अशी तेरा लाखांवर तबके वाटली गेली. ज्यांच्या घरात ती टिकली, त्यांच्याकडे त्या माणसाचे नाव धातूत आहे. जिथे दारिद्र्याने ती मोडीत गेली तिथे तेही नाही.

कोरेगावची ४९ नावे

शिपायांची नावे दगडावर कोरायची पद्धतच नव्हती, असे कोणी म्हणेल तर त्याने भीमेच्या काठी जावे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कंपनी सरकारची फौज आणि पेशव्यांची फौज यांची लढाई झाली. कंपनीने तिथे स्तंभ उभारला, त्याची कोनशिला १८२१ सालची. महायुद्धाच्या पाट्यांपेक्षा शंभर वर्षे जुना हा स्तंभ. त्यावर कंपनीच्या बाजूने पडलेल्यांची ४९ नावे आहेत. त्यांतली २२ नावे ‘नाक’ हा प्रत्यय असलेली, म्हणजे महार शिपायांची. बाकीच्यांत मराठे आहेत, राजपूत आहेत, मुसलमान आणि ज्यू आहेत.

ही नावे कोरली गेली म्हणून काय झाले ते पाहा. १८९०च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असा नवा सिद्धान्त तेव्हा फौजेत रुजत होता. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले, तेव्हा आधीच्या पिढ्यांची सेवा हा त्यांचा आधार होता. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तसे सरकारने १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर १९२१ पर्यंत मोडलीही. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा तिथे उभा राहिला तेव्हा दगडावरच्या नावांनी शंभर वर्षांपूर्वीची साक्ष दिली. त्या स्तंभावर नुसता ‘४९’ असता तर कोणीही तो आपल्या सोयीने वाटून घेतला असता.

गावातल्या संगमरवरी पाटीवरच्या आकड्याबाबत नेमके हेच होते. तो आकडा कोणत्या आळीतला, कोणत्या वाड्यातला, वेशीच्या आतला की बाहेरचा हे तो सांगत नाही. गावच्या ओळखीत तो गावातल्या थोरल्या भावकीकडे जातो. प्रत्यक्षात त्यात महारवाड्यातला, मुसलमान आळीतला, रामोशी वस्तीवरचा कोणी होता का, हे नाव समोर आल्याशिवाय कळणार नाही.

वीरगळ, टाक आणि चतुर्दशी

लढाईत पडलेल्याची आठवण ठेवायला महाराष्ट्राच्या गावांना इंग्रजांनी शिकवले नाही. गावोगाव वीरगळ आहेत. तळाच्या चौकटीत लढाई किंवा गुरे पळवणाऱ्यांशी झुंज, मधल्या चौकटीत वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापाशी पूजा करणारा वीर, त्यावर चंद्र, सूर्य आणि कळस. वाई तालुक्यातल्या किकलीच्या भैरवनाथाच्या परिसरात ते दाटीने उभे आहेत. मुंबईत बोरिवलीजवळच्या एकसरला नौकायुद्धाचे वीरगळ आहेत. शिलाहारांच्या काळातली गलबते आणि वल्ही मारणारे लोक त्यांवर स्पष्ट दिसतात. तरी बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. काही पिढ्यांनी नाव विसरले जाते, मग शेंदूर लागतो, मग तो कोणता तरी देव होतो.

घरात आठवण अधिक चिवट असते. देव्हाऱ्यातल्या टाकांत खंडोबा, भवानी, बहिरोबा यांच्या रांगेत ‘वीर’ असतो. घरातला जो पूर्वज लढाईत पडला त्याचा हा टाक. नाशिकला धूलिवंदनाच्या दिवशी हे वीर देव्हाऱ्यातून बाहेर निघतात, वाजतगाजत गोदावरीवर नेऊन त्यांना स्नान घालतात. पितृपक्षात ज्याची मृत्युतिथी माहीत नाही त्याचे श्राद्ध सर्वपित्रीला करायचे, आणि जो शस्त्राने मेला त्याचे भाद्रपद वद्य चतुर्दशीला. युद्धात मेलेल्यासाठी पंचांगातच एक दिवस राखून ठेवणारा हा समाज आहे.

श्राद्धात तीन पिढ्यांची नावे उच्चारून पाणी सोडतात. चौथ्या पिढीला नाव गळते, उरतो तो ‘वीर’. पहिल्या महायुद्धाला आता चार-पाच पिढ्या झाल्या. पणजोबांचे वडील ‘कुठल्याशा लढाईवर गेले ते आलेच नाहीत’, एवढेच वाक्य अनेक घरांत शिल्लक आहे. घरातली आठवण संपायला आणि सरकारी कागद लोकांना उघडे व्हायला एकच गाठ पडली आहे. ही संधी या पिढीपुरतीच आहे.

युद्ध कोणाचे?

नावे मागे पडण्याचे आणखी एक कारण आपल्या बाजूचे आहे. हे युद्ध आपले नव्हते. पोटासाठी, पगारासाठी, पेन्शनसाठी, काही ठिकाणी पाटील-मामलेदाराच्या दडपणाने लोक गेले. स्वातंत्र्य चळवळीला त्यांचे काय करावे हे ठरवता आले नाही.

तसे १९१८ पर्यंत भरतीला विरोध करणारे पुढारी थोडेच होते. गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी फिरत होते. टिळकांची भूमिका वेगळी होती: माणसे देऊ, पण हिंदी माणसाला अधिकाऱ्याचा हुद्दा आणि देशाला स्वराज्य मिळाले पाहिजे. तसे वचन सरकारकडून मिळाले तर महाराष्ट्रातून ५,००० माणसे देतो, असे म्हणून त्यांनी हमीदाखल ५०,००० रुपयांचा चेक गांधीजींकडे पाठवला होता. १० जून १९१८च्या मुंबईतल्या युद्ध परिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना बोलताना अडवले, तेव्हा ते सभा सोडून निघून गेले. त्यानंतर रौलट कायदा आला, जालियनवाला बाग झाली, आणि युद्धातल्या सेवेचे बक्षीस काय मिळाले हे देशाला कळले.

१७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला तेव्हा परदेशी कापडाच्या होळ्या पेटल्या, शहरात दंगल झाली. दोनच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, त्याच राजपुत्राच्या हस्ते पुण्यात शिवाजी महाराजांच्या स्मारकाची आणि मराठा युद्धस्मारकाची कोनशिला बसवण्यात आली. त्यामागे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा पुढाकार होता. ब्राह्मणेतर चळवळीला त्या कोनशिलेत शिपायाचा मान दिसला, काँग्रेसवाल्यांना गुलामी दिसली. दोघांच्या भांडणात मेलेला शिपाई कोणाच्याच यादीत नीट बसला नाही. स्वातंत्र्यानंतर ‘हुतात्मा’ म्हटले तर तो त्यात नाही, ‘शहीद’ म्हटले तर त्यातही त्याची गणती सहसा होत नाही.

माझ्या मते या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहायचे कारण नाही. युद्ध ज्याचे असेल त्याचे असो, मेलेले आपले होते. त्यांच्या बायकांनी इथेच कुंकू पुसले, त्यांची शेते इथल्याच भावकीने कसली.

इटलीतली सावली, मुंबईतल्या पाट्या

दुसऱ्या महायुद्धातल्या एका नावाचे काय झाले हे सांगण्यासारखे आहे. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, वय २२. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटे मशिनगनच्या मोर्चावर चालून गेले, गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने लढले, मोर्चा घेतला आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळीने पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर सापडली नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या छोट्या गावाने त्यांच्या नावाने सूर्यघडीचे स्मारक उभारले. ज्यांच्या डोंगरात हा मुलगा मेला त्या लोकांनी ऐंशी वर्षांनी त्याचे नाव लिहिले. इटलीच्या मोहिमेत मेलेल्या ५,७८२ हिंदी सैनिकांपैकी पदक न मिळालेल्यांची नावेही तिथल्या दफनभूमींच्या नोंदींत आहेत. आपल्या गावांत ती नाहीत.

समुद्रावर मेलेल्यांची गोष्ट अशीच. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे. पाणसुरुंगांनी आणि पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांवरच्या, समुद्राशिवाय कबर नसलेल्या २,०००हून अधिक खलाशांचे ते आहे. सारंग, टंडेल, आगवाले, भंडारी. कोकणच्या खाड्यांवरची किती गावे त्यात असतील! रत्नागिरीहून मुंबईला रोज इतक्या गाड्या येतात, पण या स्मारकापाशी कोकणी माणसाची वर्दळ नसते. ते आहे हेच ठाऊक नाही.

१९४७ नंतर

स्वतंत्र भारतातल्या जवानाचे स्मरण वेगळे झाले, आणि त्यातही मोठा बदल १९९९ मध्ये झाला. १९६२, १९६५, १९७१ च्या युद्धांत पडलेल्या जवानांवर सहसा आघाडीजवळच अंत्यसंस्कार होत. गावी तार येई, मागून सामान येई. कारगिलपासून पार्थिव गावात येऊ लागले. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, बिगुल, बंदुकांची सलामी, शाळा सुटलेली, पंचक्रोशी लोटलेली. मग चौकात पुतळा, कमान, शाळेला नाव, पुण्यतिथी. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले, तेव्हा सारा जिल्हा रस्त्यावर उतरला होता; दोन वर्षांत त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक सैन्यात अधिकारी झाल्या.

दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्ध स्मारक खुले झाले. १९४७ नंतर पडलेल्या पंचवीस हजारांवर जवानांचे नाव तिथे ग्रॅनाइटच्या स्वतंत्र विटेवर आहे. शेजारच्या इंडिया गेटवर पहिल्या महायुद्धातल्या आणि अफगाण युद्धातल्या तेरा हजारांवर लोकांची नावे आहेत, पण ते स्मारक सत्तर हजार मृतांसाठी बांधलेले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत ग्रामपंचायतींनी शिलाफलक बसवले आणि त्यांवर गावच्या वीरांची नावे लिहिली. म्हणजे दगड आहे, जागा आहे, नावे लिहायची सवयही लागली आहे. १९१४ ते १९१९चा रकाना तेवढा भरायचा राहिला.

नावे कुठे आहेत

नंतर नावे कोरता येतात, याला पुरावा आहे. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर, जिथे जखमी होऊन तिथल्या इस्पितळांत मेलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन झाले, तिथे १९२१ साली छत्री बांधली गेली. तिच्यावर नावे नव्हती. २०१० मध्ये शेजारी दगड उभारून त्या ५३ जणांची नावे कोरण्यात आली. पंजाबचे उदाहरण याहून मोठे आहे. लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या नोंदवह्यांतून सव्वातीन लाखांच्या आसपास पंजाबी सैनिकांच्या नोंदी २०२१ पासून संगणकावर शोधता येऊ लागल्या. लोक आपले गाव टाकतात आणि पणजोबा सापडतो.

आपल्याकडे सुरुवात करायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची यादी मोफत शोधता येते. हिंदी सैनिकांच्या अनेक नोंदींत नाव, नंबर, पलटण, तारीख यांच्याबरोबर बापाचे किंवा बायकोचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. बसऱ्याच्या भिंतीवर जे आले नाही ते या यादीत आहे.

अडचण स्पेलिंगची येते. गोऱ्या कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले आहे. गावाचे नाव चार प्रकारांनी टाकून पाहावे लागते, आणि जिल्हा शोधताना रायगडऐवजी कुलाबा, सिंधुदुर्गाऐवजी रत्नागिरी, सांगलीऐवजी सातारा हेही पाहावे लागते. एकाच नावाचे दोन शिपाई निघतात, म्हणून नंबर आणि बापाचे नाव जुळल्याशिवाय नाव पक्के धरू नये. मग गावात यावे. शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरात, घराघरांतल्या पदकांत, ब्राँझच्या तबकात, देव्हाऱ्यातल्या टाकामागच्या गोष्टीत दुसरा धागा मिळतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात विचारावे. गावातले माजी सैनिक हे काम कोणाहूनही चांगले करतील. पलटणीचा नंबर पाहून पुढचे काय शोधायचे हे त्यांना सांगावे लागत नाही. शाळेच्या नववी-दहावीच्या मुलांना इतिहासाचा प्रकल्प म्हणून हे द्यावे.

आणि शोधताना वाडी-वस्ती वगळू नये. शिपायाबरोबर खेचरवालाही मेला, भिश्ती मेला, डोलीवाला मेला. नाव मिळेल त्याचे लिहावे. सरकारी आकड्याशी यादी जुळली नाही तर जुळली नाही. जेवढी नावे पक्की आहेत तेवढी लिहून पुढे जागा मोकळी ठेवावी.

ज्या गावात अशी पाटी आहे, त्या गावाने आधी तिच्यावरचा रंग खरवडावा आणि तिचा फोटो काढावा. मूळ दगडात काही बदल करू नये, तो पुरावा आहे. त्याच्याखाली मराठीत नावांचा दुसरा दगड बसवावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होतच असते. येत्या ग्रामसभेत हा एक ठराव मांडा, आणि पुढच्या भाद्रपद वद्य चतुर्दशीच्या आत यादी पुरी करा.